धारणा, अंतर आणि जागा : महामारीकाळातील वर्तनमापनाची चिकित्सा

प्रस्तावना :

कोविड-१९ महामारीच्या काळात, विशेषतः मार्च २०२० नंतरच्या दीड-दोन वर्षांत, उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात प्रश्नावल्यांचे अमाप पीक आले. महाविद्यालये बंद होती, क्षेत्रकार्य अशक्य होते आणि ऑनलाइन फॉर्म तयार करणे सोपे होते. मानसशास्त्र, समाजशास्त्र, समाजकार्य, शिक्षणशास्त्र, इतकेच नव्हे तर वाणिज्य शाखेतील अभ्यासकांनीही याच मार्गाने माहिती गोळा केली. यांतील पुष्कळ अभ्यासांचा मूळ प्रश्न एकच होता : लोक शारीरिक अंतर का पाळतात आणि का पाळत नाहीत? त्याचे उत्तर शोधताना ज्या सैद्धांतिक चौकटीचा आधार वारंवार घेतला गेला, ती म्हणजे आरोग्य-धारणा प्रतिमान होय.

प्रस्तुत लेखात या प्रतिमानाच्या आधारे शारीरिक अंतराचे वर्तन मोजण्याच्या पद्धतीची चिकित्सा केली आहे. प्रतिमान चुकीचे आहे, असा येथे दावा नाही. ते ज्या परिस्थितीत घडले, त्या परिस्थितीची एक अट त्याच्या पोटात दडलेली आहे. ही अट लक्षात न घेता ते मुंबईच्या चाळीत किंवा झोपडपट्टीत वापरले, तर जे मोजले जाते ती व्यक्तीची धारणा नसून तिच्या घराचे क्षेत्रफळ असते, असे येथे प्रतिपादन आहे. हा केवळ पद्धतिशास्त्राचा वाद नाही. ‘धारणा कमी’ असा निष्कर्ष निघाला की उपाय म्हणून जनजागृती सुचवली जाते. ‘जागा कमी’ असा निष्कर्ष निघाला तर शौचालय, पाणी व विलगीकरणाची खोली यांचा विचार करावा लागतो. मोजमापाच्या साधनावरून खर्चाची दिशा ठरते.

प्रतिमानाचा जन्म :

आरोग्य-धारणा प्रतिमानाची मांडणी १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी केली. गॉडफ्रे हॉकबॉम, अर्विन रोझेनस्टॉक, हॉवर्ड लेव्हेंथाल व स्टीफन केगेल्स ही त्यांतील प्रमुख नावे. त्यांच्यापुढील प्रश्न अगदी व्यावहारिक होता. क्षयरोगाच्या तपासणीसाठी छातीची क्ष-किरण छायाचित्रे काढणारी फिरती पथके लोकवस्तीपर्यंत जात होती, तपासणी विनामूल्य होती, तरीही अनेक लोक येत नव्हते. हॉकबॉम यांनी तीन शहरांतील बाराशेहून अधिक प्रौढांचा अभ्यास केला आणि तो १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याला क्षय होऊ शकतो आणि लवकर निदान झाल्यास फायदा होतो, या दोन्ही गोष्टी मानणाऱ्यांपैकी ८२ टक्के लोकांनी स्वेच्छेने किमान एकदा तपासणी करून घेतली होती. दोन्ही न मानणाऱ्यांत हे प्रमाण केवळ २१ टक्के होते. पुढे जाणवलेली प्रवणता, जाणवलेली तीव्रता, जाणवलेले लाभ, जाणवलेले अडथळे आणि कृतीला चालना देणारे संकेत असे घटक स्थिर झाले. १९८८ मध्ये रोझेनस्टॉक, स्ट्रेचर व बेकर यांनी अल्बर्ट बांडुरा यांची ‘स्वक्षमता’ ही संकल्पना त्यांत समाविष्ट केली.

८२ आणि २१ या आकड्यांमधील तफावत डोळे दिपवणारी आहे, आणि म्हणूनच पाठ्यपुस्तकांतून ती पुन्हापुन्हा येते. पण ती कोणत्या परिस्थितीत मिळाली याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. तपासणी विनामूल्य होती. ती वस्तीपर्यंत आलेली होती. ती एकट्याने, एकदाच आणि काही मिनिटांत पूर्ण होणारी होती. म्हणजे पैसा, प्रवास व वेळ हे अडथळे शासनाने आधीच बऱ्याच अंशी दूर केले होते. अडथळे दूर झाल्यावर माणसामाणसांत जो फरक उरतो, तो प्रामुख्याने धारणांचाच असणार. ‘धारणा वर्तन घडवते’ हा निष्कर्ष, अशा रीतीने, एका सोयीच्या भूमीवर उगवलेला आहे.

शारीरिक अंतराचे वर्तन जवळजवळ प्रत्येक बाबतीत याच्या उलट आहे. ते एकदा करून संपत नाही. दिवसभर, महिनोन्‌महिने करावे लागते. ते एकट्याने करता येत नाही. दोन माणसांतील अंतर दोघांच्या संमतीने टिकते आणि रांगेत तर मागे उभ्या असलेल्या माणसाच्या मर्जीवर असते. आणि ते विनामूल्य नाही, त्याची किंमत चौरस फुटांत मोजावी लागते. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सुमारे ३७ टक्के कुटुंबे एका खोलीत राहत होती. या कुटुंबांच्या बाबतीत ‘घरातील आजारी व्यक्तीपासून मी दोन मीटर अंतर ठेवतो’ या विधानाला दिलेले उत्तर धारणेविषयी काय सांगते?

यावर प्रतिमानाचे समर्थक असे म्हणतील की ‘जाणवलेले अडथळे’ हा घटक त्यासाठीच आहे. जान्झ व बेकर यांनी १९८४ मध्ये ४६ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा सर्व घटकांत अडथळे हाच सर्वांत प्रभावी आणि तीव्रता हा सर्वांत दुर्बळ घटक ठरला होता. हे खरे आहे आणि महत्त्वाचेही आहे. तथापि प्रश्नावलीत अडथळे येतात ते ‘जाणवलेले’ म्हणून. ‘अंतर पाळणे मला कठीण वाटते’ या विधानापुढे ‘पूर्णतः सहमत’ ते ‘पूर्णतः असहमत’ अशी पंचबिंदू श्रेणी असते. स्वतंत्र बंगल्यात राहणारा, मित्रांना भेटता येत नाही म्हणून कंटाळलेला प्राध्यापक ‘सहमत’वर खूण करतो आणि सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत रोज उभी राहणारी स्त्रीही ‘सहमत’वरच खूण करते. दोघांनाही चार गुण मिळतात. एकाचा कंटाळा आणि दुसरीची रांग संगणकाच्या लेखी समान होतात. या पद्धतीचा मूळ दोष येथे आहे आणि क्रोनबाख यांचा अल्फा गुणांक कितीही चांगला आला तरी तो झाकला जात नाही. अल्फा विश्वसनीयतेचा एक पैलू सांगतो, सप्रमाणता सांगत नाही. अनेक शोधनिबंधांत ‘अल्फा ०.७० पेक्षा अधिक असल्याने साधन प्रमाणित आहे’ असे वाक्य सहजपणे येते, ही खेदाची बाब आहे.

भाषांतराचा प्रश्न :

इंग्रजी प्रश्नावलीचे मराठी भाषांतर, मग त्याचे पुन्हा इंग्रजीत उलट भाषांतर आणि दोन्हींची तुलना, ही रीत आता रूढ आहे. शब्द जुळले की साधन तयार झाले, असे मानले जाते. परंतु या विषयात शब्दच निसरडे आहेत.

प्रथम ‘अंतर’ हाच शब्द घ्यावा. मराठीत अंतर मोजले जाते, तसे अंतर दिलेही जाते आणि एखाद्याला ‘अंतर देणे’ म्हणजे त्याला टाकणे, त्याचा आधार काढून घेणे. अंतर पडणे म्हणजे मने दुरावणे. अशा भाषेत वाढलेल्या माणसापुढे ‘आपण घरातील वृद्ध व्यक्तींपासून अंतर ठेवता का?’ हा प्रश्न येतो, तेव्हा तो फुटांत विचार करील की नात्यात? ‘नाही’ असे उत्तर देणारा आजाराविषयी बेफिकीर असेलच असे नाही. आपण आईला टाकलेले नाही, एवढेच तो सांगत असेल.

‘सामाजिक अंतर’ हा शब्दप्रयोग तर याहून गंभीर. समाजशास्त्राच्या अभ्यासकांना तो नवा नव्हता. इमोरी बोगार्डस यांनी १९२५ मध्ये सामाजिक अंतर मोजण्याची श्रेणी मांडली, ती पूर्वग्रहाचे मापन करण्यासाठी : अमुक गटातील व्यक्तीशी विवाहसंबंध जोडाल का, तिला शेजारी म्हणून स्वीकाराल का, की देशाबाहेरच ठेवाल? ज्या शब्दाने दुरावा हा दोष म्हणून मोजला जात होता, तोच शब्द २०२० मध्ये कर्तव्य म्हणून भिंतींवर रंगवला गेला. आपल्याकडे त्याला आणखी एक पदर आहे. शिवाशिव, सोवळे-ओवळे, विटाळ या शब्दांमागे उभी असलेली व्यवस्था माणसामाणसांतील अंतर पावलांत मोजत असे, आणि ते अंतर कोणी राखायचे हे जन्माने ठरत असे. जागतिक आरोग्य संघटनेने २० मार्च २०२० पासून ‘शारीरिक अंतर’ या संज्ञेला प्राधान्य दिले. पुढे मराठीतही ‘सुरक्षित अंतर’ हा प्रयोग रुळू लागला. तथापि प्रश्नावल्यांत जुना शब्द टिकून राहिला. तो वाचताना निरनिराळ्या सामाजिक स्तरांतील उत्तरदात्यांना एकच गोष्ट आठवत असेल, असे गृहीत धरण्यास आधार नाही.

‘जाणवलेली प्रवणता’ मोजणाऱ्या विधानाची अडचण वेगळीच आहे. ‘येत्या महिन्याभरात मला हा आजार होण्याची शक्यता आहे’ असे विधान मराठी घरात सहजपणे उच्चारले जात नाही. वास्तू ‘तथास्तु’ म्हणत असते, तेव्हा अभद्र बोलू नये, हा संस्कार सुशिक्षितांतही पुरेसा जिवंत आहे. अशा उत्तरदात्याने ‘असहमत’वर खूण केली, तर त्याला धोक्याची जाणीव नाही असे नोंदवले जाते. वस्तुतः धोका तीव्रतेने जाणवत असल्यामुळेच तो शब्दांत आणणे त्याने टाळलेले असू शकते. उलट भाषांतरात हा दोष कधीच सापडणार नाही, कारण वाक्य अचूकच असते.

आणि ‘धारणा’ या शब्दाचे काय? काही अभ्यासांत ‘आरोग्य-श्रद्धा’ असा पर्याय योजलेला दिसतो. ज्या महाराष्ट्रात श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांवर कित्येक दशके सार्वजनिक वाद झाला, तेथे हा शब्द उत्तरदात्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो. ‘समजूत’ हा शब्द अधिक साधा होता. पण तो पुरेसा शास्त्रीय वाटत नसावा.

धोक्याची जाणीव आणि काळाचा क्रम :

सहसंबंधाच्या अर्थाचा प्रश्न जुना आहे. एकाच वेळी धारणा आणि वर्तन या दोन्हींविषयी विचारले, तर त्यांतील कोण आधी आणि कोण नंतर हे कळत नाही. हॉकबॉम यांच्या अभ्यासातही तपासणी आधी झालेली होती आणि धारणा नंतर विचारल्या होत्या. नील वाइनस्टाइन व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये याची नेमकी फोड करून दाखवली. जो काळजी घेतो, त्याचा धोका खरोखरच कमी होतो. म्हणून ‘तुम्हाला किती धोका वाटतो?’ असे विचारल्यास तो ‘कमी’ असेच सांगेल, आणि ते योग्यच असेल. अशा वेळी धोक्याची जाणीव व दक्षतेचे वर्तन यांत ऋण सहसंबंध येऊ शकतो. संशोधक मात्र प्रतिमान फसले किंवा लोक अविवेकी आहेत, यांपैकी एक निष्कर्ष काढतो. उपाय कठीण नाही. ‘अंतर पाळले नाही, तर आपल्याला संसर्ग होण्याची शक्यता किती?’ असा सशर्त प्रश्न विचारावा. मराठीत त्याचा आणखी एक लाभ आहे : ‘तर’च्या आडोशाने अभद्र बोलण्याचा संकोच काहीसा कमी होतो.

‘लाभ’ या घटकातही काळाने गोंधळ घातला. जागतिक आरोग्य संघटना किमान एक मीटर म्हणत होती, अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र सहा फूट म्हणत होते, आपल्याकडे ‘दो गज की दूरी’ ही घोषणा होती. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेतील शाळांसाठी सहा फुटांचे तीन फूट झाले. बंदिस्त जागेत विषाणू हवेतूनही पसरतो हे जसजसे मान्य होत गेले, तसतसे ‘सहा फूट अंतर ठेवल्यास संसर्ग टळतो’ या विधानाशी असहमत असणारा उत्तरदाता अज्ञानी नसून अधिक जाणकार असण्याची शक्यता वाढली. त्या काळी अनेक महाविद्यालयांनी घेतलेल्या ऑनलाइन जाणीव-जागृती चाचण्यांत मात्र अशा विधानांना एकच ‘बरोबर’ उत्तर होते आणि ते निवडले की ई-प्रमाणपत्र मिळत असे. त्या प्रमाणपत्रांची संख्या हा जनजागृतीचा पुरावा म्हणून अहवालांत नोंदली गेली असेल, तर त्यावर अधिक भाष्य न केलेले बरे.

याशिवाय टाळेबंदीचे पहिले महिने स्वेच्छेचे नव्हतेच. १८९७ च्या साथरोग अधिनियमाची अंमलबजावणी आणि तत्कालीन भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खालील गुन्हे यांच्या सावलीत लोक घरी बसले होते. रस्त्यावर दंडुका असताना घरात बसण्याचे श्रेय धारणेला देणे धाडसाचे आहे.

सांगितलेले आणि पाहिलेले वर्तन :

या अभ्यासांत आश्रयी चल म्हणून जे वापरले जाते, ते वर्तन नसून वर्तनाविषयीचे निवेदन असते. प्रत्यक्ष निरीक्षण अवघड आहे, पण अशक्य नाही. बांगलादेशात नोव्हेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात ६०० गावांत मास्कवापराविषयी एक मोठा प्रयोग झाला. त्यात निरीक्षक साध्या वेशात बाजारात, चहाच्या टपरीवर, मशिदीत उभे राहून नोंदी करीत. माणूस इतरांपासून हातभर अंतरावर आहे की नाही, एवढाच निकष होता. नियंत्रित गावांत सुमारे २४ टक्के आणि मास्क-प्रसाराच्या गावांत सुमारे २९ टक्के लोक अंतर पाळताना दिसले. मशिदींत मात्र दोन्ही प्रकारच्या गावांत अंतर दिसलेच नाही, कारण नमाजाला खांद्याला खांदा लावून उभे राहण्याचा प्रघात आहे. तोच माणूस बाजारात अंतर पाळतो आणि प्रार्थनेत पाळत नाही. दोन्ही ठिकाणी त्याची आजाराविषयीची धारणा एकच असते. वर्तन व्यक्तीइतकेच स्थळाचेही असते, हे एका प्रश्नावलीतील ‘मी नेहमी अंतर पाळतो’ या सरसकट विधानातून कधीच कळले नसते.

दुसरा मार्ग माणसे मोजण्याचा आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पॉलिमॉड’ या आठ युरोपीय देशांतील अभ्यासात ७,२९० व्यक्तींनी एका दिवसात कोणाकोणाशी संपर्क आला याची रोजनिशी ठेवली होती. मार्च २०२० मध्ये ब्रिटनमध्ये त्याच धर्तीवर पाहणी झाली, तेव्हा सरासरी दैनंदिन संपर्क १०.८ वरून २.८ वर आल्याचे दिसले. ‘काल आपण किती जणांशी समोरासमोर बोललात?’ या प्रश्नाला ‘सहमत–असहमत’ लागत नाही. यातही आठवणीच्या चुका होतातच, मात्र कंटाळा आणि रांग यांची बेरीज होत नाही. गूगलने एप्रिल २०२० ते ऑक्टोबर २०२२ या काळात दिलेल्या संचार-अहवालांवरही अनेकांनी भिस्त ठेवली. ते अहवाल स्मार्टफोन असलेल्या आणि स्थान-नोंद सुरू ठेवलेल्या लोकांचे होते. शिवाय फोन ‘घरी’ आहे एवढेच ते सांगत, त्या घरात आणखी किती माणसे आहेत हे नव्हे.

मुंबईचा पुरावा :

जुलै २०२० मध्ये मुंबई महानगरपालिका, निती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्या सहभागाने शहरातील तीन विभागांत रक्तातील प्रतिपिंडांचे सर्वेक्षण झाले. ६,९३६ नमुने तपासले गेले. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के आणि झोपडपट्टीबाहेर सुमारे १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. प्रतिपिंडे म्हणजे वर्तन नव्हे. हवा खेळती असणे, कामाचे स्वरूप, घरातील माणसांची संख्या असे अनेक घटक त्यात मिसळलेले असतात. तरीही एकाच शहरात, एकाच घोषणा ऐकणाऱ्या, एकच मोबाइल ध्वनिफीत रोज कानी पडणाऱ्या लोकांत साडेतीन पटींचा फरक दिसतो, तेव्हा तो धारणांच्या फरकातून आला असे म्हणणे कठीण आहे. सामायिक शौचालयांचा वापर हे त्यामागील एक संभाव्य कारण म्हणून त्या वेळीच पुढे आले होते.

धारावीचा अनुभव याच दिशेने बोट दाखवतो. १ एप्रिल २०२० रोजी तेथे पहिला रुग्ण आढळला. सुमारे अडीच चौरस किलोमीटरमध्ये लाखो लोक राहतात आणि बहुसंख्य सामुदायिक शौचालये वापरतात. घरगुती विलगीकरण तेथे शक्यच नव्हते. महापालिकेने हे वास्तव स्वीकारले आणि शाळा, क्रीडासंकुल अशा जागा ताब्यात घेऊन संस्थात्मक विलगीकरण उभे केले. शौचालयांचे दिवसातून अनेकदा निर्जंतुकीकरण झाले. वस्तीत फिरून तपासणी झाली. १० जुलै २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकांनी धारावीचा उल्लेख अनुकरणीय उदाहरणांत केला. येथे धारावीकरांच्या मनात काय बदलले हे कोणी मोजले नाही. त्यांना अंतर ठेवण्यासाठी जागा देण्यात आली. क्षयरोगाची फिरती क्ष-किरण पथके १९५० च्या दशकात वस्तीपर्यंत नेणाऱ्या अधिकाऱ्यांनी जे केले होते, तेच हे होते.

याउलट, सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात सुरू झालेल्या मोहिमेचे नाव ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ असे होते. घरोघरी जाऊन तपासणी करण्याचा भाग मोलाचा होता, यात शंका नाही. पण नावातील ‘माझी’ हा शब्द आणि प्रश्नावलीतील ‘मी’ एकाच घराण्यातील आहेत. नळावर पाण्याला कोणी जायचे, कामावर कोणी जायचे, हे ठरवण्याचा अधिकार घरातील ज्या सुनेला नाही, तिची स्वक्षमता ‘मी ठरवल्यास अंतर पाळू शकते’ या विधानाने मोजणे म्हणजे तिच्या लेखी नसलेल्या स्वातंत्र्याचे गुण देणे होय.

प्रतिमानाची बाजूही नोंदवली पाहिजे. ज्यांच्याजवळ खोल्या होत्या, घरून काम करण्याची मुभा होती, त्यांच्यातही काहींनी समारंभ केले आणि काहींनी टाळले. हा फरक समजून घेण्यास धारणांचे मापन उपयुक्तच आहे. परंतु तेथेही धारणा आणि वर्तन यांचे नाते सरळ रेषेचे नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करीत राहिल्या आणि त्यातच १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांना धोक्याची जाणीव नव्हती, असे कोण म्हणेल? त्या आजच्या प्रश्नावलीत उत्तरदात्या असत्या, तर प्रवणता व तीव्रता यांत सर्वोच्च गुण आणि अंतराच्या वर्तनात शून्य, अशी नोंद होऊन सांख्यिकीय विश्लेषणात त्या ‘विसंगत प्रतिसाद’ म्हणून वगळल्या गेल्या असत्या. २०२० मध्ये शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका, आशा सेविका व स्मशानभूमीतील कर्मचारी यांच्याविषयीही हेच म्हणावे लागेल. कर्तव्य हा घटक या प्रतिमानात कोठेच नाही.

या विषयावरील सामग्री अनेक विभागांच्या कपाटांत आणि संगणकांत अजून पडून आहे. त्या प्रश्नावल्यांच्या पहिल्या पानावर बहुधा वय, लिंग, शिक्षण, व्यवसाय यांबरोबर कुटुंबातील सदस्यसंख्या व घराचा प्रकार विचारलेला असतो. हा भाग नमुन्याचे वर्णन करणारी एक सारणी भरण्यापुरता वापरला जातो आणि नंतर विसरला जातो. तोच स्तंभ स्वाश्रयी चल म्हणून घ्यावा. दरडोई खोल्या काढाव्यात. नमुन्याचे त्यानुसार गट करावेत आणि प्रत्येक गटात धारणा व अंतर यांचा सहसंबंध स्वतंत्रपणे तपासावा. जागा असलेल्यांच्या गटात तो लक्षणीय आणि जागा नसलेल्यांच्या गटात नगण्य आला, तर वर मांडलेला युक्तिवाद टिकेल. दोन्ही गटांत सारखाच आला, तर तो मागे घ्यावा लागेल. यासाठी नवे क्षेत्रकार्य लागत नाही, नवे अनुदानही लागत नाही.